दोन केसपेपर

मॅडम,

नमस्कार. गेल्या महिन्यात सांजोऱ्यांचा डबा घेऊन धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात आले, तर तुमच्या समुपदेशकाच्या खुर्चीवर दुसऱ्याच बाई. तुमची बदली झाली म्हणाल्या, कुठे ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते. तुमचं नाव घालत नाही, माझंही नाही. खूण सांगते: अमळनेरकडची ती बाई, जी नवऱ्याच्या नावाचा केसपेपर काढून स्वतःचं रक्त एचआयव्हीसाठी तपासायला आली होती.

2023 ला अधिक श्रावण होता, त्यामुळे आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी, कानबाई, ऑगस्टच्या शेवटी आली. तिच्या रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, गहू मोजत होते. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घेतात. सासऱ्यांची घेतली, दिरांची घेतली, माझ्या मुलाची घेतली. यांचं नाव आलं आणि हात गव्हातच राहिला. दोन दिवस आधी यांच्या फोनमध्ये यांच्या बाहेरख्यालीपणाचं सगळं पाहिलं होतं. अनोळखी नावांना पाठवलेले पाचशे, बाराशे, दोन हजार, आणि हे चार वर्षं चाललेलं. मी समजायचे, खेडा खरेदीला गेलेत, कापसाच्या गाडीवर रात्र होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता ती मूठ त्यांनीच घेतली.

कानबाई बोळवली आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीत बसले. गावाजवळ तपासणी केली असती तर संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं असतं. खिडकीवर ‘पेशंटचं नाव?’ विचारलं तर तोंडातून यांचंच नाव निघालं. लाल रिबिनीच्या दारातून आत आले तेव्हा तुम्ही कागद बघून विचारलंत, ‘पेशंट कुठे?’ मी म्हटलं, मीच. तुम्ही कागद परत दिलात. ‘मग तुमच्या नावाचा काढून आणा. त्यांचा वेगळा, तुमचा वेगळा.’

तेव्हा राग आला होता, पुन्हा रांगेत उभं राहायचं म्हणून. आज वाटतं, माझा इलाज त्या रांगेत सुरू झाला.

तोवर ज्याला त्याला फक्त यांच्याबद्दलच बोलायचं होतं. मावशी म्हणाली, पुरुषाची जात, लेकरांकडे बघ आणि गिळून घे. एकानं देवाला न्यायला सांगितलं. माझ्या धाकट्या काकांनी तर मलाच विचारलं, घरात काही कमी पडत होतं का? तुम्ही पहिल्यांदा विचारलंत, ‘झोप किती?’ मग ‘जेवण जातं का?’ आणि आवाज उतरवून, ‘ते मारतात का?’ नाही म्हटलं, तरी 181 हा महिलांचा नंबर कागदाच्या मागे लिहून दिलात. रक्त घेण्याआधी माझी संमती घेतलीत, निकाल दुसऱ्या कुणालाच कळणार नाही हे समजावलंत, आणि एकदा निगेटिव्ह आलं तरी तीन महिन्यांनी परत यायचं, कारण लागण नवी असेल तर लगेच दिसत नाही, हेही. या सगळ्याला एक रुपया लागला नाही. जिला भीती वाटते तिनं हे वाचावं, म्हणून मुद्दाम लिहिते.

मी रडायला लागले तेव्हा तुम्ही एकदम अहिराणीत बोललात. ‘यामा तुन्ही काय चूक शे, बहीन?’ सरकारी टेबलापलीकडून माझ्या आईची भाषा आली, मॅडम. ते वाक्य मी कितीदा मनात म्हटलंय, त्याला मोजदाद नाही.

मला वाटायचं मला वेड लागतंय. रात्री दोनला उठून फोन तपासायचा, मेसेजची टिंग वाजली की छातीत धडधड, तोच प्रश्न दहादा विचारायचा. तुम्ही सांगितलंत की ज्या भिंतीला पाठ टेकून माणूस बसतो तीच पडली तर मार खोल लागतो, आणि हा मार मनाला असला तरी खराच असतो. पुढे कळलं, जेनिफर फ्रेड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या दशकात याच जखमेला नाव दिलं, ज्याच्यावर आपण विसंबून असतो त्यानंच केलेल्या विश्वासघाताची जखम.

यांना तिसऱ्या खेपेला घेऊन आले. तुम्ही त्यांनाही तोडून बोलला नाहीत, त्याचे आभार वेगळे. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. डॉक्टर म्हणाले, लोक याला सेक्सचं व्यसन म्हणतात, पण जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत ते आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांत आहे. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ माणूस थांबू बघतो आणि थांबता येत नाही, घर-काम मोडतं, तेव्हा ते निदान होतं. नुसती लाज वाटते म्हणून होत नाही. यांचा चेहरा तेव्हा सुटल्यासारखा झाला. तुम्ही तो बघितलात आणि लगेच म्हणालात, ‘आजाराचं नाव मिळालं, पण हिच्याशी खोटं बोललात ते तुम्हीच बोललात.’ त्या क्षणी तुम्ही हे बोलला नसतात तर मी पुन्हा एकटी पडले असते.

आणि ते प्रश्नांचं काम. रोज थोडं थोडं बाहेर येत होतं आणि मी रोज नव्यानं मरत होते. तुम्ही म्हणालात, एकदाच, सगळं, माझ्यासमोर होऊ दे. मला प्रश्न लिहून आणायला सांगितलंत. एकतीस आणले. तुम्ही पेन माझ्याच हातात ठेवलंत. ‘जागा, चेहरे, कसं झालं ते विचारू नका, ती चित्रं डोक्यातून निघत नाहीत. तब्येत, पैसा, मुलं, कुणाकुणाला माहीत आहे, एवढं विचारा.’ मी एकोणीस खोडले. बाराची उत्तरं ऐकली. त्यातलं नववं अजून दुखतं.

यांच्याकडे आता साधा बटणांचा फोन आहे. खात्याचा हिशेब माझ्याकडे, गोळ्या आणि डॉक्टर चालू. अकराव्या महिन्यात पाय घसरला. त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः सांगितलं, तरी मी माहेरी निघून गेले आणि महिनाभर आले नाही. एका रात्री अडीचला 14416 लावला, तुम्ही दिलेला टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर. पलीकडे मराठीतच बोलणारी मुलगी होती, मी झोपेपर्यंत बोलत राहिली.

लोक विचारतात, माफ केलं का? मला माहीत नाही. तुम्ही कधी विचारलं नाहीत, घाईही केली नाहीत. एका घरात आहोत, मी लेकीच्या खोलीत झोपते. गेल्या दिवाळीत आम्ही दोघं पहिल्यांदा भांडण न होता बाजारात जाऊन आलो.

कानबाईचे रोट भाऊबंदकीबाहेर देत नाहीत, नाहीतर तेच आणले असते. सांजोऱ्या नव्या बाईंना देऊन आले. केसपेपर मात्र दोन्ही माझ्याकडे आहेत, वेगवेगळ्या पिशव्यांत.

तुम्ही दर खेपेला आधी झोप विचारायच्या. परवा रात्री दहाला आडवी झाले, जाग आली ती पाचला, कोंबडा आरवल्यावर. मधे एकदाही उठले नाही.

तुमची,
दुसऱ्या केसपेपरवाली