भाडं मागायची वेळच येऊ नये म्हणून

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्हाला भाडं मागता येत नाही, आणि या वयात ते शिकवायचा माझा विचारही नाही. मागच्या खोल्यांतले मास्तर समोर आले की तुम्हीच त्यांना "काय म्हणतंय कॉलेज" विचारता आणि भाड्याचं राहून जातं. आई, तू मात्र फोनवर म्हणालीस, "दोन दिवस व्हॉल्व्ह बंद केला की आपोआप देतेत." तसलं काही करू नकोस. भाडं थकलं तरी भाडेकरूचं पाणी, वीज तोडता येत नाही, राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं स्पष्ट आहे. उलट आपल्यावरच तक्रार व्हायची. आणि २०१६ ला रेल्वेनं मिरजेहून पाणी आलेल्या लातुरात कुणाचं पाणी तोडणं तुलाही जमायचं नाही.

भाडं थकतं ते दरवेळी माणूस लबाड असतो म्हणून नाही. पुष्कळदा तारीखच चुकीची असते. आपण सगळ्यांना १ तारीख सांगून ठेवलीय. मास्तरांचा खासगी संस्थेतला पगार दहा तारखेच्या आसपास होतो. तोवर किराणावाला, दूधवाला, लेकराची फी सगळे रांगेत उभे असतात आणि आपण मात्र भिडेपोटी रांगेच्या शेवटी. म्हणून त्यांची तारीख १२ करा. त्यांच्या बँकेच्या ॲपवर दरमहा आपोआप रक्कम पाठवायची सोय असते, ती त्यांना एकदा लावून द्यायला सांगा. खात्यात पैसे असतानाच ती चालते, म्हणून पगारानंतर लगेचचा दिवस. थकलेले दोन महिने एकदम मागू नका. पुढच्या चार महिन्यांत अर्धं अर्धं भाडं जास्तीचं घ्या, आणि ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.

वरच्या खोल्यांतल्या पोरांचं गणित निराळं. कुणी अहमदपूरचं, कुणी कळंबचं, कुणी परळीचं. अकरावी-बारावी आणि डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेसाठी आलेल्या या लेकरांचे बाप शेतकरी. त्यांच्या हातात पैसा येतो तो सोयाबीन आडतीवर गेल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, आणि पुढं तूर निघाल्यावर. त्यांना महिन्याच्या महिन्याला भाडं मागणं म्हणजे त्यांनी सावकाराकडं जावं असं सांगणं. त्यापेक्षा दोन हप्ते करू. जूनमध्ये अनामत आणि दिवाळीपर्यंतचं भाडं, दिवाळीनंतर मे पर्यंतचं. जूनमध्ये पेरणी असते, तेव्हा पहिला हप्ता कुणाला जड जाईल. त्याला थोडी सवड द्या, पण कधी देणार ती तारीख त्याच्याच तोंडून घ्या.

करार पोरांशी नाही, बापाशी करायचा. १८ वर्षं पूर्ण नसलेल्याची करारावरची सही कायद्यात टिकत नाही, आणि आपल्याकडची निम्मी पोरं सोळा-सतरा वर्षांची. अजून एक. मे महिन्यात नीट झाली की "काका, शेवटचा महिना अनामतीतून कापा" म्हणून पोरं बॅगा उचलतात, मग मोडलेला पंखा आणि लाइटबिल आपल्या गळ्यात. अनामत भाड्यात वळती होणार नाही, जागा बघून आणि बिल भरून झाल्यावरच परत मिळेल, हे करारात घाला.

करार म्हणजे बाँडवर नोटरी नव्हे, बाबा. त्याच १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणं करार लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भांडण झाल्यावर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल तेच खरं धरतात. खर्चाला भिऊ नका. लिव्ह अँड लायसन्सला, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायला द्यायच्या कराराला, मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. सहा हजार भाड्याचे अकरा महिने धरले तर साधारण १६५ रुपये, अनामतीवरच्या व्याजाचे थोडे वर, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. आधार आणि अंगठ्यानं ते ऑनलाइन होतं. मुदत संपूनही राहत्या जागेतला माणूस उठला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडं, म्हणजे सरकारनं यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. गाळ्याला ही वाट नाही, ती फक्त राहायच्या जागेला. म्हणून आपल्या गाळ्यातल्या मोबाईल दुकानवाल्याचा कागद वकिलाकडून करून घेऊ आणि त्याच्याकडून महिनावार तारखांचे चेक घेऊ. पुढच्या तारखेचा चेक त्या तारखेपासून तीन महिन्यांतच बँकेत टाकावा लागतो, पेटीत ठेवून विसरायचा नाही. न वटता परत आला, तर बँकेचा तसा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत त्यानं पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करता येते. तिथवर जाऊ नये हेच बरं, पण त्याला हे माहीत असलेलं चांगलं.

आता तुमची खरी अडचण. "खात्यात भाडं आलं की इन्कमटॅक्सवाले मागं लागतेत." बाबा, भाड्यातून आपण भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के वजा होतात. राहिलेलं तुमच्या पेन्शनमध्ये मिळवायचं. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत कर पडत नाही. तुमचं दोन्ही मिळून कुठवर जातं ते तुम्हीच सांगा. रोखीत घेतलं तरी पावती देणं बंधनकारकच आहे, मग ती डायरीतली पेन्सिलीची खूण कशाला?

आई, तुझ्यासाठी एक. खोली न बघताच, "मी फौजी आहे, अनामत पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका" असा कुणाचा फोन आला तर ठेवून दे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

मास्तरांशी तुम्ही बोला, ते तुमचं ऐकतात. पोरांच्या घरी मी फोन करते. मोबाईलवाल्याशी मात्र मी दिवाळीला येईपर्यंत काही बोलू नका. तुम्ही त्याला भाडं वाढवा म्हणायला जाल आणि चहा पाजून, वर त्याच्याच धंद्याची काळजी करत परत याल.

गोळ्या वेळेवर घ्या. बोअरची मोटर दुरुस्त झाली का ते कळवा.

तुमची लेक