फाईल आधी, फोटो नंतर

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. बंड्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

दसऱ्याच्या मुहूर्ताचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला. गाळ्याला झेंडूचं तोरण, टेबलावर आईने मांडलेली पूजा, आणि नारळ फोडताना बाबांचा गंभीर चेहरा. नाशिकच्या अंबडमधली नोकरी सोडलीस म्हणून आईला अजून धास्ती वाटते, हे तिच्या फोनवरून कळतं. मला मात्र मनापासून आनंद झाला. महारेराची, म्हणजे घरांच्या व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, एजंटची परीक्षा देऊन, नोंदणी क्रमांक हातात घेऊन तू गाळ्याची पाटी लावलीस, हे मला फार आवडलं.

तू लिहिलंस, "ताई, तू तिकडे हेच करतेस, मार्केटिंगच्या टिप्स पाठव." व्हॉट्सॲपच्या तुकड्यांत हे सांगता येणार नाही. आज दुपारी एक ते चार माझं ओपन हाऊस होतं, म्हणजे विकायचं घर तीन तास सगळ्यांना बघायला खुलं ठेवायचं. ते आटोपून चहा घेतला आणि लिहायला बसले. प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेव.

आधी तू पाठवलेल्या जाहिरातीच्या पत्रकाबद्दल. "स्वप्नातलं घर! पाथर्डी फाट्याजवळ प्रशस्त टू बीएचके, सर्व सोयींनी युक्त, त्वरा करा." मी गिऱ्हाईक होऊन वाचलं आणि मला लगेच प्रश्न पडले. कितवा मजला? लिफ्ट आहे का? कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, किती? पार्किंग करारात लिहिलंय की बिल्डरने तोंडी दिलंय? फ्लॅटवर कर्ज आहे का? यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तू मालकाला फोन न करता देशील? "विचारून सांगतो" म्हणालास की पार्टी पुढच्या एजंटचा नंबर फिरवते. पत्रकाचा रंग, अक्षर, तुझा फोटो हे सगळं नंतर बघू. आधी घराची फाईल तयार कर. मला हे फार महागात शिकावं लागलं, ते सांगते.

या कामाच्या तिसऱ्या वर्षी मला इथे एका आजीबाईंचं घर विकायला मिळालं. १९५० च्या दशकातलं, दोन मजली, मागे मेपलचं मोठं झाड. मी उत्साहात फोटोग्राफर आणला, झाड लाल झालं त्याच आठवड्यात फोटो काढले, जाहिरात लावली. पाचव्या दिवशी चांगली ऑफर आली. मग खरेदीदाराचा तपासनीस आला. घराच्या मागच्या भिंतीला हायड्रेंजियाचं झुडूप होतं. त्याने ते हाताने बाजूला केलं आणि जमिनीतून वीतभर वर आलेला एक गंजका पाईप दाखवला. इथली जुनी घरं पूर्वी तेलावर तापायची आणि तेलाची टाकी अंगणात पुरलेली असायची. पुढे गॅस आला, टाकी तशीच राहिली, लोक विसरले. अशी टाकी गळली असेल तर माती उकरून साफ करायचा खर्च हजारो डॉलरांत जातो, विमा कंपन्या हात वर करतात. खरेदीदार त्याच संध्याकाळी मागे फिरले. आजीबाई मला म्हणाल्या, "तू घराभोवती एकदा तरी फिरलीस का?" मी फिरले नव्हते. मी समोरून फोटो काढले होते.

टाउनशिपची परवानगी घेऊन ती टाकी काढली, माती स्वच्छ निघाली हे नशीब. घर विकलं गेलं, पण दीड महिन्याने आणि कमी भावात. तो फरक त्या बाईच्या म्हातारपणच्या पैशातून गेला. तेव्हापासून मी फोटोग्राफरला बोलवण्याआधी एकटी जाते. घराला पूर्ण फेरी मारते, झुडपं हलवते, तळघरात भिंतीला हात लावून ओल बघते, पोटमाळ्यावर टॉर्च मारते. जे सापडेल ते मालकाच्या समोर कागदावर लिहिते. दुरुस्त करता येईल ते करून घेते, नाही होणार ते पहिल्याच भेटीत गिऱ्हाईकाला सांगते. गेल्या वर्षापासून तर इथे कायद्यानेच विकणाऱ्याला घराची स्थिती सांगणारा लांबलचक फॉर्म भरून द्यावा लागतो.

तुझ्याकडे जमिनीत तेलाच्या टाक्या नाहीत, पण कागदात पुरलेल्या टाक्या भरपूर आहेत. रिसेलचा फ्लॅट हातात घेतलास की आधी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, आणि मूळ करार बघ. आपल्या नाशिकमध्ये कितीतरी इमारतींची सहकारी सोसायटीच नसते, अपार्टमेंट असतं, म्हणजे प्रत्येक फ्लॅटची मालकी वेगळ्या दस्ताने होते. तिथे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट मागून उपयोग नाही, डीड ऑफ अपार्टमेंट, म्हणजे तो दस्त, झालाय का ते विचार. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचं महापालिकेचं पत्र. घरपट्टी-पाणीपट्टीच्या पावत्या. लाइट बिल अजून बिल्डरच्या नावावर तर नाही ना. मेंटेनन्सची थकबाकी. कर्ज असेल तर बँकेचं शिल्लक रकमेचं पत्र, कारण बँकेत ठेवलेले मूळ कागद सुटायला वेळ लागतो आणि सौदे तिथेच लटकतात. आणि मालक वारले असतील तर वारस किती, त्यातली बहीण कुठे दिली आहे, ती सही करायला येणार का, हे आधी. विसार झाल्यावर नको. प्लॉट असेल तर सातबारा स्वतः काढ आणि इतर हक्काचा रकाना शेवटपर्यंत वाच, कर्ज-बोजा तिथे लिहिलेला असतो. मालकीच्या जुन्या नोंदी तपासणारा वकिलाचा सर्च रिपोर्ट लागतोच, तो तू करायचा नाहीस. पण वकिलाला सापडेल ती अडचण तुला आधी ठाऊक पाहिजे.

ही फाईल म्हणजेच तुझं मार्केटिंग आहे, मी शब्दशः म्हणतेय. घर बघायला आलेल्या नवरा-बायकोसमोर टेबलावर फाईल उघडून ठेव आणि काय आहे, काय नाही ते स्वतःहून सांग. "पार्किंग एकच आहे आणि स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमध्ये, तिसऱ्या नंबरला आहे, मोठी गाडी वळवायला त्रास होतो." असं सांगणारा माणूस त्यांना आठवडाभरात दुसरा भेटलेला नसतो.

पत्रकात मग हेच येऊ दे. मजला, कार्पेट, दिशा, इमारतीचं वय, पार्किंग, मासिक मेंटेनन्स, भाव. "स्टेशनपासून पाच मिनिटं" लिहू नकोस. पाथर्डी फाट्यापासून नाशिकरोड स्टेशनला सकाळी किती वेळ लागतो हे प्रत्येक नाशिककराला माहीत आहे. फोटो सकाळच्या उजेडात, पडदे उघडून, मोबाईल आडवा धरून छातीच्या उंचीवर ठेवून काढ. ओट्यावरची भांडी, दोरीवरचे कपडे, कॅलेंडरं काढून ठेवायला मालकिणीला आदल्या दिवशी सांग. बाथरूमचा फोटो टाळू नकोस, टाळलास की लोकांना शंका येते. आणि सिंहस्थ २०२७ मध्ये आहे म्हणून "कुंभमेळ्यात भाव दुप्पट" असलं काही कधीही लिहू नकोस. ते तुझ्या हातात नाही आणि लोक कर्ज काढून घर घेतात.

किमतीचं बोलणं फार नाजूक असतं. प्रत्येक मालकाला आपलं घर शेजाऱ्यापेक्षा चार लाखांनी भारी वाटतं. मी इथे गेल्या सहा महिन्यांत, अर्ध्या मैलाच्या आत विकलेली तशीच तीन-चार घरं काढते, एका पानावर मांडते आणि मालकाला स्वतः बेरीज करू देते. तुला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्याच इमारतीतले झालेले व्यवहार फुकट बघता येतात. इमारतीत आधी काय भावाने विकलं ते छापून ने. मालक तरीही ऐकला नाही तर ते घर घेऊ नकोस. जास्त भावात वर्षभर पडून राहिलेल्या फ्लॅटवरचा फोन नंबर तुझा असेल, मालकाचा नाही.

ब्रोकरेजबद्दल तू संकोचतोस, हे मला माहीत आहे. आपल्या घरात पैशाचं तोंडावर बोलायची सवय नाही. इथे १७ ऑगस्ट २०२४ पासून नियमच बदलला. खरेदीदाराला घर दाखवायच्या आधी त्याच्याशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात माझा मोबदला आकड्यात लिहावा लागतो. त्याआधी एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेने खटल्यात ४१.८ कोटी डॉलर द्यायची तडजोड केली होती, त्यातून हे आलं. पहिले दोन महिने मला फार जड गेलं. समोरचे विचारायचे, "एवढ्या पैशात तुम्ही नेमकं करता काय?" मग मी एका पानावर लिहून काढलं, पहिल्या फोनपासून चाव्या मिळेपर्यंत मी काय काय करते ते. बावीस कामं निघाली. ते पान आता मी करारासोबत देते आणि घासाघीस जवळजवळ थांबली आहे. तूही तसं पान कर. आणि साईट दाखवायच्या आधी टक्केवारी, कोण देणार, कधी देणार, हे दोन ओळीत लिहून सही घे. तुझ्या मित्राला मालक आणि पार्टीने परस्पर नंबर घेऊन बाजूला काढलं म्हणालास ना, ते अशा दोन ओळी नसल्यामुळे.

सगळ्या नाशिकचा एजंट होऊ नकोस. पाथर्डी फाटा आणि इंदिरानगरचा एवढाच पट्टा धर. प्रत्येक इमारतीचं नाव, बिल्डर, पाण्याची स्थिती, वॉचमन, चेअरमन तोंडपाठ व्हायला एक वर्ष जाईल, ते जाऊ दे. गंगापूर रोडचं गिऱ्हाईक आलं तर तिथल्या ओळखीच्या नोंदणीकृत एजंटकडे दे आणि वाटा ठरवून घे.

भाड्याच्या कामाला कमी लेखू नकोस. अकरा महिन्यांचा प्रत्येक करार वहीत लिही आणि नवव्या महिन्यात दोघांना फोन कर. मालकाला विचार, "पुढे भाड्यानेच द्यायचाय की विकायचा विचार आहे?" भाडेकरूला विचार, "हप्ता भाड्याच्या जवळपास येत असेल तर स्वतःचं बघायचं का?" माझे पहिले सहा सौदे भाडेकरूंचेच होते.

घर विकून झालं की माणूस सोडायचा नाही. मी दर जानेवारीत जुन्या गिऱ्हाइकांना हाताने लिहून एक पत्र पाठवते. आमच्याकडे मालमत्ता कर फार जड आहे आणि त्यावर अपील करायची मुदत १ एप्रिलला संपते. त्या पत्रात अपील कसं करायचं आणि त्यांच्या आसपास घरं काय भावाने गेली ते असतं. घर विकायचंय का, हे विचारतही नाही. तू मार्चअखेर आठवण कर की एप्रिलमध्ये घरपट्टी आगाऊ भरली तर महापालिका सवलत देते. "शुभ सकाळ"चे गुलाब मात्र पाठवू नकोस, लोक तुझा नंबर म्यूट करतील आणि कामाचा मेसेजही वाचणार नाहीत.

एक गोष्ट मी तुला ताई म्हणून सांगते. इथे १९६८ पासून कायदा आहे, धर्म, वंश, देश बघून घर दाखवायचं किंवा नाकारायचं नाही. पुढे त्यात स्त्रिया, अपंग, मुलंबाळं असलेली कुटुंबं हेही आलं. मराठी जोडपी मला प्रेमाने विचारतात, "ताई, शेजारी आपले लोक आहेत का?" मी उत्तर देत नाही. ट्रेनचं वेळापत्रक देते, मेट्रोपार्क स्टेशन किती मिनिटांवर आहे ते सांगते, शेजार तुम्ही स्वतः संध्याकाळी फिरून बघा म्हणते. सुरुवातीला हे मला कोरडं वाटायचं. मग आठवलं, पुण्यात नोकरीला लागले तेव्हा एका घरमालकाने दारातच आडनाव विचारलं होतं आणि खोली "कालच गेली" म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी जिन्यातून उतरताना जे वाटलं ते मला अजून आठवतं. तुझ्या पत्रकावर "फक्त अमुक लोकांसाठी" ही ओळ कधी दिसू देऊ नकोस. मालक म्हणाला तरी छापू नकोस.

नवीन प्रोजेक्टचं काम आलं तर त्या प्रोजेक्टचा महारेरा नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोडशिवाय साधा स्टेटससुद्धा टाकू नकोस, ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो कोड लागतो. बिल्डरचा माणूस "नंबर येईलच, तोपर्यंत बुकिंग घ्या" म्हणेल. सरळ नाही म्हण.

इथल्या काही मराठी मंडळींचे फ्लॅट नाशिकला बंद पडून आहेत. तुझा नंबर द्यायला मला आवडेल, पण तुझी तयारी बघून. परदेशातल्या मालकाकडून घर घेताना खरेदीदाराने कापायचा कर नेहमीचा एक टक्का नसतो, बराच जास्त असतो. सीएकडे बसून ते नीट समजून घे. कुलमुखत्यारपत्र, म्हणजे दुसऱ्याला आपल्या वतीने सही करायचा अधिकार देणारं पत्र, इथून कसं करून पाठवायचं ते मी बघते.

आईला म्हणावं, फराळाचं पार्सल या आठवड्यात टाक, नाहीतर दिवाळीनंतर पोचेल. चकल्या डब्यात घट्ट भर, गेल्या वेळी चुरा झाला होता. सौ.ला आशीर्वाद, पिल्लूला पापा. बाबांना गाळ्यात बसायचंय हे मला कळलंय. बसू दे, त्यांना सातबारा तुझ्यापेक्षा चांगला वाचता येतो.

पाथर्डी फाट्याच्या त्या फ्लॅटची फाईल पुरी झाली की एकेका कागदाचा फोटो पाठव. पार्किंगचा कागद पहिला.

तुझी,
ताई