बारक्याचं मनगट

बेळगाव
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय दोस्ता,

परवा तू फोन केलास आणि मी "बरा आहे" म्हणून ठेवून दिला. बारका शेजारीच पडून ऐकत होता. म्हणाला, "दादा, बरा म्हणजे कुठवर बरा, ते तरी सांगायचं होतंस की." म्हणून हे पत्र. बाराला त्याची कूस बदलायची आहे, तोवर मी जागाच आहे.

कुस्तीचं तुला चौघांनी चार तऱ्हांनी सांगितलं असेल. मी आखाड्याच्या कडेला होतो. जत्रेचं मैदान, आदल्या दिवशी वळीव पडून माती दबलेली. समोरच्या पोराची काही चूक नाही, हे आधी लिहितो. ढाक बारक्यानंच लावली, नेहमीचा त्याचा डाव. पण पाय सटकला की काय झालं, समोरचा वरून जायच्या ऐवजी दोघं मिळून आले आणि याचं डोकं आधी मातीत गेलं. हलगी वाजतच होती. तो डोळे उघडे ठेवून पडलेला, मला म्हणाला, "दादा, माझे पाय कुणी धरलेत गा?" कुणीच धरले नव्हते.

मग आम्ही चौघांनी त्याला उचललं. दोघं पायाला, दोघं खांद्याला. मान लोंबत होती. खांद्याला मी होतो. क्रूझरच्या सीटवर आडवा घातला आणि तासभर खड्ड्यांतून नेला. मानेला मार असेल तर माणूस जागचा हलवायचा नाही, डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं, सपाट फळीवर अंग एकसंध घ्यायचं. तालमीत उभा जन्म काढलेल्या आमच्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं. आमच्याने झालं काय, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते आता सांगता येणार नाही, म्हणाले. यावर तू माझी समजूत काढू नकोस.

मानेचा पाचवा मणका सहाव्यावरून सरकला होता. प्लेट आणि स्क्रू घातलेत. खांदे चालतात, कोपर दुमडतं, मनगट वर उचलतं. कोपर सरळ करायला जोर नाही, बोटांत काही नाही, छातीखाली काही नाही. आयसीयूचे दिवस लिहीत नाही. 86 किलोचा गडी घरी आला तेव्हा 58 चा होता. एक म्हैस विकली. 2023 साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना जनआरोग्य योजना लागू केली तेव्हा पेपर वाचून तूच फोन केला होतास. पण मान मोडलेल्या पोराला घेऊन कुठलं हॉस्पिटल कुठल्या योजनेत बसतं हे कोण शोधत बसतो? जवळ होतं तिथं नेलं. आता अपंगत्वाच्या कार्डाचे कागद चाललेत, ते कन्नडमध्ये भरून द्यायला शेजारची कॉलेजातली पोरगी येते.

घरी आणल्यावर महिन्याभरात त्याचा उजवा पाय झाडकन हलला. आईनं हातातलं ताट तसंच ठेवलं आणि कपिलेश्वराला नारळ बोलली. ती आकडी होती. मज्जारज्जूला बसलेला धक्का ओसरला की खालच्या नसा आपल्या आपण झटके देतात, मेंदूचा निरोप तिथं पोचलेला नसतो. हे आईला सांगायचं काम माझ्यावर आलं. नारळ मात्र तिनं फोडलाच. बोलले होते ना, म्हणाली.

बाबांचं तुला सांगायलाच हवं. आठव्या वर्षी बारक्याला तालमीत नेणारे तेच, हौद्याच्या मातीत हळद, ताक, तेल कालवणारेही तेच. पहिले पंधरा दिवस ते खोलीत आलेच नाहीत, दारातून बघून गोठ्यात जायचे. मग एका रात्री बारक्याचं डोकं फुटायला आलं, तोंड लालभडक, कपाळावर घामाच्या धारा, बीपी 190. लघवीची नळी अंगाखाली दुमडली होती, एवढंच! मानेच्या दुखण्यात तुंबलेली लघवीसुद्धा जिवावर उठते. आधी उठवून बसवायचं आणि कारण शोधायचं. नळी बाबांना सापडली. दुसऱ्या दिवशी ते नर्ससमोर जाऊन बसले, "मला शिकवा" म्हणाले. आता पिशवी नाही, दर सहा तासांनी बाबाच नळी घालतात. साबणानं कोपरापर्यंत हात धुतात, पूजेला बसल्यासारखे. माप वहीत लिहितात. वही तीच रे, तालमीची. पुढून "जोर 500, बैठका 1000" आणि मागच्या पानापासून "पहाटे 6 — 400".

बघायला येणाऱ्यांचा मला खरा वैताग आहे. त्याच्यादेखत "काय वाघ होता गा" म्हणतात. होता! एकजण तर मान ओढून बसवून देणारा माणूस घेऊन आला होता. आईनं त्याला उंबऱ्याच्या आत घेतला नाही.

फिजिओथेरपिस्ट गोकाककडचा आहे, आमच्यापेक्षा कुस्तीवेडा. त्याच्या गावात तालमीला गरडी मने म्हणतात. "ओंदु, एरडु, मूरु" म्हणत व्यायाम घेतो, आणि बारकाही आता कन्नडमध्येच मोजतो. पहिल्याच आठवड्यात या फिजिओनं आत्याला झाडलं. ती रोज तिळाच्या तेलानं मालिश करून, मनगट मागं रेटून बोटं सरळ करायची. घरातल्या कुणाचाही जीव आखडलेली बोटं बघून तेच करायला जाईल. तो म्हणाला, हीच बोटं वाचवायचीत, थोडी आखडूच द्या. मनगट वर उचललं की आतले टेंडन, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, ताणतात आणि बोटं आपोआप मिटतात, खाली सोडलं की उघडतात. टेंडन सैल पडले की ती पकड गेली. बोटं ताणायचीच तर मनगट खाली सोडून. आत्या दोन दिवस रुसली. आम्ही सगळे पायांकडे डोळे लावून बसलेलो, आणि हा माणूस मनगट धरून बसला होता.

उद्यमबागेतल्या कारखान्यात सुट्टीनंतर लेथवर थांबून मी बारक्याला चमच्यासाठी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून दिली, तळहाताला वेल्क्रोनं बसते. पहिली काठाला कापत होती, दुसरी घासून घेतली. त्यानं भात खातो, निम्मा छातीवर. पण गेल्या सोमवारी चमचा बाजूला केला. आई अजून बदाम भिजवते, तुला माहीत आहे, ते काही थांबलेलं नाही. ताटलीत सोललेला एक बदाम. याने मनगट खाली सोडलं, अंगठा बदामाच्या एका अंगाला, तर्जनी दुसऱ्या अंगाला, आणि मनगट उचललं. निसटला. परत. तीनदा निसटला, चौथ्यांदा ताटलीवरून उठला आणि हलत हलत तोंडापर्यंत गेला. कुणी काही बोललं नाही. बाबांनी वही घेतली आणि रात्री मी बघितलं तर लघवीच्या आकड्याखाली लिहिलं होतं, "बदाम 1".

तो रडत नाही असं नाही. पहाटे रडतो, मी झोपेचं सोंग घेतो.

आता तुझं काम. गणपतीला येशील तेव्हा हळू आवाजात बोलू नकोस. आपण तिघं लाल बशीनं कोल्हापूरला खासबागेत गेलेलो, येताना निपाणीपर्यंत तुम्ही दोघं एका निकालावरून भांडत होता. ते भांडण त्याच्या लेखी अजून मिटलेलं नाही. तो रोज नवे मुद्दे काढतो आणि मला कुस्तीतलं तेवढं कळत नाही. आणि त्याला तालमीत जायचं आहे. नुसतं बसायला, मातीच्या वासाला. खुर्ची आलीय, मी दाराचं माप घेऊन आलो, दोन बोटं जागा उरते. पण पायऱ्या तीन आहेत. कसं उचलायचं ते आता मला येतं. मागून मी धरतो, पुढून तू धर.

बारा वाजले. बाबा उठलेच.

तुझा,
दादा (बारक्याचा)