सोमवारी कणीक उरते

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका ज्येष्ठ गृहस्थांचं पत्र आलं होतं. कोचिंगसाठी इंदूरला येऊन राहिलेल्या आणि जीव दिलेल्या एका विद्यार्थ्याबद्दल. ‘ही पिढीच भेकड’, ‘आईबापांच्या कष्टांची माती केली’, ‘आम्ही कंदिलाखाली शिकलो’ असं त्यात होतं. शेवटी आईवडिलांनाही सोडलं नव्हतं, पोराच्या हातात मोबाइल दिला की दुसरं काय होणार म्हणून. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तो पेपर माझ्या मेसच्या टेबलावर होता. रात्री जेवायला आलेल्या मुलांनी तो वाचला, मराठी मुलांनी शेजारच्या हिंदीवाल्यांना अर्थ सांगितला, आणि त्यानंतर पंगतभर कोणी बोललं नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी विष्णुपुरीच्या बाजूला मुलांची मेस चालवते. भंवरकुआँचे क्लासेस इथून हाकेच्या अंतरावर. माझ्याकडे येणारी पोरं खंडव्याची, खरगोनची, बडवानीची, बुऱ्हाणपूरची, एखाददुसरा रावेर-जळगावकडचा. कोणी नीटची तयारी करतो, कोणी जेईईची, मोठी असतात ती पीएससीची. सगळी मला काकू म्हणतात. ती काय शिकतात ते मला कळत नाही, पण किती जेवतात ते कळतं.

बहुतेकांची टेस्ट रविवारी असते. सोमवारी संध्याकाळपर्यंत यादी लागते, नाव, मार्क आणि रँक, वरून खालपर्यंत. काही क्लासमध्ये ती भिंतीवर लावतात, काही ठिकाणी थेट पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. आणि सोमवारी रात्री माझी कणीक उरते. पहिल्यांदा मला वाटलं, पोरं रविवारी छप्पनवर नाहीतर सराफ्यात खाऊन येतात, पोट भरलेलं असतं. पण मग कणीक रविवारी उरायला हवी होती, ती सोमवारीच का उरते, हे कोडं काही सुटेना.

ते सुटलं निमाडातल्या एका मुलामुळे. एरवी चार-पाच पोळ्या खाणारा पोरगा, सोमवारी ताटावर हात आडवा धरायचा. ‘एकच, काकू.’ वरणावर तूपही नको. ताप आहे का, पोट बिघडलंय का, सगळं विचारून झालं. शेवटी त्याच्या खोलीतल्या मुलाने मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं, की त्याने स्वतःला नियम घालून घेतलाय. रँक एका आकड्याच्या खाली घसरली की त्या रात्री एक पोळी. आणि टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवलाय. घरच्या कुठल्याशा लग्नात त्याचे काका चारचौघांत म्हणाले होते, ‘याच्याच्याने काही व्हायचं नाही.’ पोराने ते वाक्य कागदावर उतरवून घेतलं होतं. फक्त ‘याच्याच्याने’ खोडून ‘माझ्याच्याने’ केलं होतं.

संपादक महाराज, मला जे सांगायचंय ते या कागदात आहे. लग्नात बोलणारे काका मांडवातून घरी गेले, जेवले, झोपले. त्यांना ते वाक्य आठवतही नसेल. पोरगा मात्र ते बरोबर घेऊन इंदूरला आला आणि रोज सकाळी डोळे उघडले की वाचत राहिला. आपण दुसऱ्याला नावं ठेवतो तेव्हा वाटतं, बोललो आणि संपलं. ते संपत नाही. ऐकणारा ते उचलतो आणि आपण नसताना आपलं काम स्वतःच करत बसतो, आपल्यापेक्षा कितीतरी निर्दयपणे. काका निदान जेवू नको तरी म्हणाले नव्हते.

मी त्या मुलाला उपदेश केला नाही. पुढच्या सोमवारी त्याने हात आडवा धरला तेव्हा एवढंच म्हटलं, ‘बाळा, या मेसमध्ये पोळ्या रँक बघून वाढत नाहीत,’ आणि दोन वाढल्या. त्याने एक खाल्ली. त्याच्या पुढच्या सोमवारी दोन्ही. पुढे त्याचं काय झालं, नंबर लागला की नाही, हे मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की वाचणारे त्यावरूनच ठरवतील की पोरगा दोन पोळ्यांच्या लायक होता की नव्हता.

आपल्याकडे एक पक्की समजूत आहे, की माणूस स्वतःला टोचत राहिला तरच सुधारतो. स्वतःला कोसतो तो जबाबदार आणि स्वतःशी बरं वागतो तो बेफिकीर. मलाही कधी शंका यायची की आपण मुलांचे लाड तर करत नाही ना. माझी भाची वडोदऱ्याला मानसशास्त्र शिकवते, तिला विचारलं. तिने सांगितलेलं मला फार पटलं. 2012 साली अमेरिकेत बर्कलेच्या जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन या दोघींनी विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड शब्दांची परीक्षा दिली. सगळ्यांचीच ती वाईट गेली. मग काहींना सांगितलं, की ही परीक्षा अनेकांना जड जाते, स्वतःवर फार कठोर होऊ नका. नंतर दुसऱ्या परीक्षेसाठी अभ्यासाला वेळ दिला, तर ज्यांना हे सांगितलं होतं तीच मुलं जास्त वेळ अभ्यासाला बसली. भाची म्हणाली, मावशी, ज्याने स्वतःला नालायक ठरवून टाकलं त्याला पुस्तक उघडायचीच भीती वाटते, कारण पुस्तकात पुन्हा तेच सिद्ध होणार असतं. हे मी रोज बघते. सोमवारी कमी जेवणारी मुलं मंगळवारी जास्त अभ्यास करतात असं मला एकदाही दिसलेलं नाही. ती मंगळवारी दुपारपर्यंत झोपून असतात.

चूक दाखवायचीच नाही असं माझं म्हणणं नाही. माझ्याकडे पोळ्या लाटायला येणाऱ्या पोरीची पोळी करपली की मी सांगते, गॅस कमी कर, दुसरी टाक. ती करते. पण तिला ‘तुझा हातच तसला’ म्हटलं, तर त्यावर तिने करायचं तरी काय?

आणि आपण निकाल देतो तो किती माहितीवर देतो, हेही बघा. इंदूरकरांना 4 मे 2025 आठवत असेल. नीटचा पेपर चालू असताना वादळ आलं, पाऊस आला आणि शहरातल्या अनेक केंद्रांवर वीज गेली. काही मुलांनी अंधारातच पेपर सोडवला. प्रकरण हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात गेलं, 30 जूनला एकलपीठाने अशा मुलांची फेरपरीक्षा घ्यायला सांगितलं, आणि जुलैमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश रद्द केला. कोर्टाच्या निर्णयावर मी बोलणार नाही, तेवढी माझी समज नाही. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती घरांत ‘एवढा खर्च करून एवढेच मार्क?’ असं विचारलं गेलं असेल. मार्कशीटवर एक आकडा असतो. वर्गात दिवे होते की नव्हते हे त्यावर छापलेलं नसतं. त्या वर्षी देशात 22 लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली आणि एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख. म्हणजे कितीही अभ्यास केला तरी बहुतेकांना जागा मिळणारच नव्हती. त्या सगळ्यांना आपण आळशी म्हणणार आहोत का?

आता आईवडिलांबद्दल, कारण त्या पत्रात त्यांनाही सोडलेलं नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात मुलाने असाच जीव द्यायचा प्रयत्न केला आणि देवाच्या कृपेने तो वाचला. घरच्यांनी सगळ्यांना टायफॉइड झालाय असं सांगितलं. तो घरी आल्यावर मी आईला भेटायला गेले तर ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, ‘मीच कमी पडले.’ नणंद म्हणाली होती, तुझं लक्ष कुठे होतं. हळदीकुंकवाला बायका काही बोलल्या नव्हत्या, पण ही आत आली तशा गप्प झाल्या होत्या. या सगळ्याचा परिणाम काय झाला, तर मुलाला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्यायला कित्येक महिने लागले. डॉक्टरांच्या दारात कोणी बघितलं तर टायफॉइड खोटा ठरेल, या धास्तीने. औषधाची सगळ्यांत जास्त गरज होती तेव्हा ती बाई स्वतःला दोष देण्यात गुंतली होती, आणि आम्ही सगळे तिला त्यात मदत करत होतो. दोष कोणाचा हे ठरवण्यात जो वेळ गेला तो त्या पोराचा होता.

कायदा तरी आपल्यापुढे गेलाय. पूर्वी दंड संहितेच्या कलम 309 प्रमाणे अशा प्रयत्नातून वाचलेल्या माणसाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकायची. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, कलम 115 मध्ये, म्हटलं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालावं, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन हे सरकारने बघावं. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, त्यात ते जुनं कलम राहिलं नाही. न्यायाधीशांनी खुर्ची सोडली आणि त्या रिकाम्या खुर्चीवर शेजारीपाजारी येऊन बसले आहेत. 2022 च्या सरकारी नोंदीत देशातल्या 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचं आहे. पत्रलेखक काका, एका वर्षात तेरा हजार भेकड पोरं निपजतात यावर तुमचा खरंच विश्वास बसतो का? तुम्ही कंदिलाखाली शिकलात हे मला मान्य आहे, माझे वडीलही तसेच शिकले. पण तुमची रँक दर सोमवारी तुमच्या वडिलांच्या खिशात जाऊन पडत नव्हती.

मला तीन ठिकाणी विनंती करायची आहे.

क्लासवाल्यांना: विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये देशभरासाठी निर्देश दिले. मार्कांवरून बॅचेस पाडणं आणि मुलांना चारचौघांत लाज आणणं शक्यतो टाळावं असं त्यात आहे. भिंतीवरची यादी काढायला एक मिनिट लागतं. ज्याचे मार्क त्याला द्या.

आपल्या इंदुरातल्या मराठी मंडळांना: गणपतीत गुणगौरव जरूर करा, पण व्यासपीठावरून ‘बाकीच्यांनी यांच्याकडून काहीतरी शिकावं’ हे वाक्य तेवढं वगळा. बाकीचे तिथेच, मागच्या खुर्च्यांवर आईशेजारी बसलेले असतात.

आणि आपल्याला: ते पत्र छापायला नको होतं असं मी म्हणणार नाही, मतं छापावीतच. पण अशी बातमी किंवा असं पत्र येईल तेव्हा त्याच्या खाली टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर तरी छापा. सरकारची फुकट सेवा आहे, चोवीस तास चालते, मराठीत आणि हिंदीतही बोलता येतं. मी तो मेसमध्ये हात धुवायच्या बेसिनवर लावलाय, म्हणजे कोणी उभं राहून वाचत असलं तरी हात धुतोय असंच वाटतं. आपल्या पेपरात आला तर जिथे माझी मेस नाही तिथल्या मुलांनाही तो मिळेल.

आपली,
एक नियमित वाचक
विष्णुपुरी, इंदूर

(माझं नाव कृपया छापू नये. नाव आलं की मेस ओळखू येईल आणि मेसवरून मुलं.)