सिस्टरला काढले, ड्रॉवर तसाच राहिला

महोदय,

रुग्णालयाच्या काचा फुटल्या की पुण्यात बातमी होते. दुसऱ्या दिवशी डॉक्टर काळ्या फिती लावतात, नातेवाइकांवर गुन्हा दाखल होतो आणि पंधरवड्यात विषय मिटतो. ज्या चुकीवरून एवढे सगळे घडले, ती चूक नेमकी कोणती होती हे मात्र कधीच छापून येत नाही, कारण ते कोणी सांगतच नाही. मी उभा जन्म पेठेतल्या औषधांच्या दुकानात काउंटरमागे काढला. डॉक्टर मंडळींशी रोजचा संबंध होता, त्यातले कितीतरी देवमाणूस म्हणावेत असे. त्यामुळे हे पत्र डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडण्यासाठी नाही.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचे मिळते. एकात मिलिलिटरमागे 40 युनिट असतात, दुसऱ्यात 100. त्यामुळे सिरिंजही दोन प्रकारच्या: 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी नारिंगी टोपणाची. माझ्या वहिनी शहरातल्या एका रुग्णालयात पायाच्या जखमेसाठी दाखल होत्या. रात्री 20 युनिट द्यायचे होते. सिस्टरने बाटली घेतली 100 ची आणि लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत औषध ओढले. त्या सिरिंजची 20 ची रेघ अर्ध्या मिलिलिटरची, म्हणजे अंगात गेले 50 युनिट. पहाटे वहिनी घामाने निथळत होत्या, हाक मारली तर ओ देईनात. मजल्यावर सिस्टर एकच, तिची धावपळ दुसऱ्या टोकाला चाललेली. साखर तपासेपर्यंत बराच वेळ गेला. सकाळी मी पोचलो तेव्हा कॉटशेजारच्या ट्रेमध्ये ती बाटली आणि ते लाल टोपण दोन्ही तसेच पडून होते. माझा धंदाच तो, म्हणून नजरेला आले. दुसऱ्या कोणाला काय कळणार?

दादाला सांगण्यात आले, ‘पेशंट नीट जेवल्या नाहीत, म्हणून शुगर उतरली.’ फाइलमध्येही तेच लिहिले. आदल्या रात्री दादाने नेलेला डबा वहिनींनी चाटूनपुसून खाल्ला होता आणि तो रिकामा डबा दादाच्याच पिशवीत होता.

वहिनी घरी आल्या, चालत्याफिरत्या आहेत. पण सोसायटीतल्या भिशीचा हिशेब ज्या वर्षानुवर्षे तोंडी ठेवत, त्यांना आता कोणाचा हप्ता राहिला ते सांगता येत नाही. दादाला पैसे नको होते. ‘आमच्याकडून चूक झाली’ एवढे एक वाक्य हवे होते. ते मिळाले नाही. केसपेपरच्या प्रतींसाठी लेखी अर्ज दिला तर ‘साहेब बाहेरगावी आहेत’. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीनुसार मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रे द्यावी लागतात, हे सांगितल्यावर रिसेप्शनवरच्या मुलीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच कायदा मोडत होतो. त्या सिस्टरला कामावरून काढले, एवढे मात्र कळले. दोन्ही सिरिंज ज्या एकाच ड्रॉवरमध्ये ठेवत, तो ड्रॉवर मी नंतर पाहिला. होता तसाच आहे. उद्या नवी मुलगी येईल, तिचाही हात त्याच ड्रॉवरमध्ये जाईल.

लोक म्हणतात, केस करा. वैद्यकीय हलगर्जीपणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा एक गाजलेला निकाल पुण्याचाच आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. जोशी विरुद्ध गोडबोले. 1953 च्या मे महिन्यात कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेल्या विशीतल्या मुलाला त्याचे वडील टॅक्सीने पुण्याला घेऊन आले. इथे भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि मुलगा गेला. शेवटचा निकाल लागला 1968 साली. भरपाई तीन हजार रुपये. मुलगा गेल्यापासून निकालापर्यंत त्या बापाची पंधरा वर्षे गेली, तेही स्वतः डॉक्टर असून. पुढे 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात आणली, म्हणून निदान ग्राहक आयोगाचा रस्ता खुला झाला. फौजदारीसाठी ‘घोर निष्काळजीपणा’ सिद्ध व्हावा लागतो, हे 2005 च्या निकालाने ठरवले आणि ते योग्यच आहे. रात्रपाळीत सिरिंज चुकलेल्या मुलीला तुरुंगात टाकून कोणाचे भले होणार? डॉक्टरांवरील हल्ले रोखण्यासाठी राज्यात 2010 पासून कायदा आहे, तोही हवाच. पण दगड आणि कोर्ट या दोन टोकांच्या मध्ये आमच्यासारख्यांसाठी काही आहे का?

आहे म्हणे. शुश्रूषागृहांच्या (म्हणजे खासगी नर्सिंग होमच्या) 2021 च्या सुधारित नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. पुणे हे पाट्यांचे शहर. ‘चपला बाहेर काढा’ ही पाटी मात्र ठळक, आणि सनद वहिनींच्या रुग्णालयात माशांच्या टाकीमागे. वाचायला मासाच व्हावे लागेल. सनदेने तक्रारीची सोय होते, एवढे खरे. पण तक्रार करायची तर आधी चूक झाली हे कळायला हवे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात उपचार घेताना साधारण दर दहा रुग्णांमागे एकाला काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक टाळता येण्याजोगी असते. पुण्याचा आकडा काय? तो निघणार कुठून, कारण ‘जेवल्या नाहीत’ असे लिहिले की चूक संपलीच. ‘एनएबीएच’ हे रुग्णालयांच्या दर्जाचे राष्ट्रीय मानांकन असलेल्या रुग्णालयांना औषधांच्या चुकांची नोंद ठेवावी लागते, कारणे शोधावी लागतात. मात्र हे मानांकन ऐच्छिक. पेठांतली आणि उपनगरांतली बरीचशी छोटी रुग्णालये त्याच्या वाटेला जात नाहीत.

महापालिकेचा आरोग्य विभाग शुश्रूषागृहांच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना कागदपत्रे तपासतो. त्यातच औषधचुकांची वही मागावी. नावे नकोत, कोणते औषध, कोणती पाळी, मजल्यावर किती सिस्टर होत्या आणि नंतर काय बदलले, एवढेच. जिथे वही कोरी असेल तिथे अधिकाऱ्यांनी कौतुक न करता औषधांचा ड्रॉवर उघडून पाहावा. आणि चूक झाली की ती रुग्णाच्या घरच्यांना त्याच दिवशी सांगितली का, याचाही एक रकाना त्या वहीत असावा. याला नवा कायदा लागत असेल तर तसे विभागाने जाहीरपणे सांगावे, म्हणजे आम्ही आमदारांकडे जाऊ.

– एक निवृत्त औषधविक्रेता, सदाशिव पेठ, पुणे