पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या निघाल्या प्राग, साल्झबर्ग, व्हिएन्नाला : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा नऊ जणांचा चमू कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रे दाखवत गाऊन सांगायच्या गोष्टी) घेऊन परदेश दौऱ्यावर निघतो आहे. शहरे विचार करून निवडली आहेत. बाहुलीकारांची जागतिक संघटना ‘युनिमा’ १९२९ साली प्रागमध्येच स्थापन झाली. साल्झबर्गचे बाहुलीनाट्यगृह १९१३ पासूनचे. तिथल्या जाणत्या प्रेक्षकांपुढे आपल्या पोरांनी खेळ करावा आणि त्यांचेही खेळ पाहून यावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

तिन्ही शहरांना एकच शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला सामायिक व्हिसा) चालतो. मोठ्या माणसाला ९० युरो, वर सेवाशुल्क आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा प्रवास विमा. खरी अडचण पुढे आहे. कलावंतांकडे पगारपत्रक नसते, आणि खात्यावर एकाएकी मोठी रक्कम जमा झालेली दिसली की व्हिसा अधिकाऱ्याला शंका येते. म्हणून देणगी कृपया कोणाही कलावंताच्या खात्यावर टाकू नका, समितीच्याच खात्यावर भरा. खर्चाच्या हमीचे पत्र समिती अर्जाला जोडेल. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या गाववाल्यांकडून सध्या पैसे घेता येणार नाहीत, त्याला केंद्राची वेगळी परवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेले चाकरमानी, मग ते दुबईत असोत वा लंडनला, बँकेमार्फत खुशाल पाठवू शकतात.

शंभर वर्षांवरची चित्रे कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत. सावल्यांच्या खेळातल्या जुन्या चामडी बाहुल्यांत हरणाचे कातडे असू शकते, मोरपिसांनाही बंदी आहे. त्यामुळे बकऱ्याच्या कातड्याच्या नव्या बाहुल्या आणि नवी चित्रे करायला घेतली आहेत. रंग, कागद, कातडे यांचा खर्च मोठा आहे.

आपल्या दमट हवेत मुरलेले लाकूड तिकडच्या तापवलेल्या सभागृहात सुकते, सांधे उघडतात, रंगाचे पापुद्रे सुटतात. यावर उपाय म्हणजे फोमचे अस्तर लावलेल्या कडक पेट्या, आणि पोचल्यावर एक दिवस त्या बंदच ठेवायच्या. हुडूक या आमच्या छोट्या चर्मवाद्याच्या दोऱ्या प्रवासात ढिल्या सोडाव्या लागतात, नाहीतर कातडे फाटते. अशा चार पेट्या हव्यात: लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंमीच्या आत, भरून २३ किलोपर्यंत. कोणाकडे वापरलेल्या असल्या तरी चालतील. गरम कोट आणि लोकरी मोजेही हवेत, पण माप विचारूनच द्या.

रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात स्वीकारली जाईल. पावती आठवणीने घ्या.

आपली,
दौरा समिती