बाळू विसरला, आणि मीही

पुणे, रविवार

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

गावच्या घराचं लाइट बिल पुन्हा थकलं, बाळू भरतो म्हणाला आणि विसरला, हे तू परवा फोनवर सांगितलंस तेव्हा मी हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ओशाळलो. माझी फजिती तुला सांगितलीच नव्हती. तोंडानं जमलं नसतं, म्हणून लिहितोय.

मागच्या वर्षी मी मोठ्या रुबाबात क्रेडिट कार्डाच्या बिलाला ऑटो-पे लावला, म्हणजे दर महिन्याला पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. पूर्ण रक्कम की किमान रक्कम, असं विचारलं होतं. किमानवर आधीच खूण होती. मी न वाचता पुढे गेलो. मग दर महिन्याला 'पेमेंट मिळाले, धन्यवाद' असा मेसेज, आणि मी निवांत! लेट फी लागली नाही; किमान रक्कम भरली की ती टळतेच. व्याज टळत नाही. ते खरेदीच्या तारखेपासून धरतात, आणि एकदा बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराणा, औषधं, हिचा चष्मा, सगळ्यावर मीटर चालू. चार महिन्यांनी हिनंच स्टेटमेंट उघडलं. "महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाचे किती हो?" बेचाळीस! आणि मी तीस वर्षं पोरांना सरळव्याज शिकवलं.

असो. (लेट फीबाबत मात्र रिझर्व्ह बँकेचा नियम बरा आहे: कार्डाच्या बिलाची तारीख उलटून तीन दिवस झाल्याशिवाय ती लावता येत नाही. पण त्या तीन दिवसांवर भिस्त ठेवू नये.)

आता तुझं बिल. बँकेच्या ॲपमध्ये 'बिल पेमेंट' उघड, वीज निवड, मग महावितरण, आणि बारा आकडी ग्राहक क्रमांक टाक; बिलिंग युनिट विचारलं तर तेही बिलावरच असतं. नाव आणि रक्कम समोर येईल. नाव अण्णांचंच असेल, दचकू नकोस. मीटर अजून त्यांच्याच नावावर आहे ना? पैसे गेल्यावर व्यवहार क्रमांक येतो, त्याचा फोटो काढून ठेव. पैसे कापले गेले आणि बिल तसंच राहिलं, तर तक्रारीला तोच लागतो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. महावितरणच्या बिलावर रकमा तीन असतात: लवकर भरलं तर कमी, मुदतीत भरलं तर पूर्ण, नंतर भरलं तर जास्त. लवकरची सूट एक टक्का, म्हणजे बंद घराच्या बिलावर चहासुद्धा येणार नाही. तरी मी आता शेवटच्या तारखेकडे बघतच नाही. बिलाचा मेसेज आला की त्याच दिवशी भरतो, जेवायच्या आधी. ऑटो-पे लावलासच, तर पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते, ती वाच आणि खात्यात शिल्लक आहे का बघ. खातं रिकामं असेल तर बिल राहतं ते राहतं, वर बँकेचा दंड.

ग्राहक क्रमांकासाठी अण्णांची ती वाकडी तार आठव. माजघरात खुंटीला टांगलेली, बिलं ओवलेली. कुठल्याही बिलावर तो मिळेल. बाळूला फोटो काढून पाठवायला सांग. तेही विसरला तर मी मे महिन्यात जाणारच आहे. तार मात्र काढायला लावू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू